इतरांस मनाई

विषय: ब्रह्मदेशातून आलेल्या व कोणीच आपले म्हणून न ओळखलेल्या निर्वासितांना गावच्या इस्राएली धर्मशाळेत जागा देण्याबाबत.

संदर्भ: १) मामलेदारांचा तोंडी हुकूम. २) धर्मशाळेचा नियम, दगडावर कोरलेला. ३) मासे, एक टोपली.

उपरोक्त विषयी हकीकत अशी.

कोकणात खाडीच्या काठी एका गावात एलोजी नावाचा एक तेली राहत असे. तो इस्राएल, म्हणजे यहुदी. बोलणे मराठी, जेवण भात आणि नारळाचे, नेसणे गावासारखेच. फरक एवढाच की शनिवारी त्याचा शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागणारा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून घाणा बंद असे आणि बैल मोकळा असे. त्याच्या सगळ्याच जातभाईंचे तसे होते, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. घरे थोडी होती. एकाच्या ओटीवर शिंकले की शेवटच्या घरात ऐकू जाई.

एलोजी या मंडळींचा मुकादम होता. मुकादम म्हणजे जमातीचा पुढारी. प्रार्थनालयाची किल्ली त्याच्याकडे, भांडणे त्याच्याकडे, आणि कोणतीही गोष्ट बिघडली की दोषही त्याच्याकडे. याखेरीज धर्मशाळेची किल्लीही त्याच्याकडे होती, आणि ही गोष्ट त्या किल्लीची आहे.

धर्मशाळा मुंबईच्या एका दानशूर इस्राएल गृहस्थाने बांधून दिली होती. कौलारू, स्वच्छ, अंगणात गोड्या पाण्याची विहीर. तिची मालकी मुंबईच्या विश्वस्तांकडे. दारावर दगड होता आणि दगडावर कोरले होते: ‘ही धर्मशाळा इस्राएल लोकांसाठी आहे. इतरांस मनाई.’

हा नियम उगाच झाला नव्हता. एलोजीच्या बापाच्या वेळी खोताच्या मुलाचे लग्न निघाले. वऱ्हाड मोठे होते. खोताला नाही कोण म्हणणार? धर्मशाळा वऱ्हाडाला दिली. नेमकी त्याच दिवशी एक इस्राएल बाई नवऱ्याबरोबर आली, पोटुशी होती, पुढे जायची ताकद नव्हती. तिला घाण्याच्या खोपटात उतरवले. तिथे पेंडीच्या पोत्यांमध्ये ती बाळंत झाली, आणि बाळ काही वाचले नाही. एलोजीचा बाप तेव्हा मुकादम होता. त्याने विश्वस्तांना सांगून तो दगड बसवला आणि मरताना मुलाला बजावले, “किल्ली सांभाळ. आपली माणसे पुन्हा खोपटात जाता कामा नयेत.”

एलोजीने किल्ली सांभाळली. ती तो कमरेला बांधून झोपत असे.

मग महायुद्ध आले. जपान्यांनी रंगूनवर बाँब टाकले. तिथली हिंदुस्थानी माणसे डोंगर आणि जंगले तुडवत पायी निघाली, आणि जी वाचली ती वाटेल तिथे पांगली. त्यांतली एक लाँचभर माणसे सरकारने वैशाखाच्या शेवटी या गावच्या धक्क्यावर आणून उतरवली. धक्क्यावर छप्पर नव्हते. पूर्वीचे वादळात गेले होते आणि नवे मंजूर होते.

मामलेदार घोड्यावरून आले. त्यांनी माणसे पाहिली, आभाळ पाहिले आणि हुकूम दिला, “ज्या त्या जातीने आपापली माणसे ओळखून न्यावीत. पावसाच्या आत.” मग ते निघून गेले. हुकूम चांगला होता. त्यात खर्च नव्हता.

गाव कामाला लागले. ब्राह्मण आळीने ब्राह्मण निवडले. मराठ्यांनी मराठे नेले. मुसलमान मोहल्ल्यातले बरेच लोक बोटींवर नोकरीला असत. त्यांना तर आपले सोयरेच सापडले. प्रत्येक आळी आली, तिने गोत्र, गाव, मामाचे नाव विचारले आणि जमेल तेवढे पुण्य घेऊन गेली.

दोन दिवसांनी धक्क्यावर शिल्लक उरली. एक धिप्पाड तेलुगू बाई होती, अप्पलम्मा. तिची भाषा गावात कोणालाच येत नव्हती, म्हणून तिची जात विचारता येईना, आणि जात न विचारता नेण्याची कोणाकडे सोय नव्हती. एक कुटुंब होते, त्यातला बाप मद्रासकडचा आणि आई ब्रह्मी. त्यांची जात त्यांनाच नीट सांगता आली नाही. सकीना नावाची एक बाई, तिचा आजारी नवरा आणि मुले होती. त्यांना एका आळीने नेऊन परत आणून सोडले होते. आणखीही काही होते. आणि पेटीवर बसलेली एक म्हातारी होती. ती कोणाशीच बोलत नव्हती.

त्याच दिवशी मुंबईच्या विश्वस्तांचा निरोप आला. त्या लाँचमध्ये रंगूनची एक इस्राएल बाई आहे, तिची धर्मशाळेत सोय करावी. नाव दिले नव्हते. निरोप देणाऱ्याला वाटले असावे की आपले माणूस दिसल्याबरोबर कळतेच.

एलोजी हसाजीला घेऊन धक्क्यावर गेला. हसाजी त्यांचा हजान, म्हणजे प्रार्थना म्हणणारा. आवाज खणखणीत, शास्त्र पाठ, आणि आपण चुकू शकतो ही शंका त्याला कधी आलेली नव्हती.

हसाजीने मोठ्याने विचारले, “तुमच्यात इस्राएल कोण आहे?”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग धक्क्यावरचा एक हमाल त्यांना समजावून सांगू लागला की या लोकांची कौलारू धर्मशाळा आहे, विहिरीसकट. हसाजीने पुन्हा विचारले. या वेळी सगळ्यांनी हात वर केले. अप्पलम्माला प्रश्न समजला नव्हता, पण बाकीच्यांचे पाहून तिने दोन्ही हात वर केले. फक्त पेटीवरची म्हातारी खाडीकडे पाहत राहिली.

“आता?” एलोजी म्हणाला.

“आता काय, मासे,” हसाजी म्हणाला.

हे समजायला थोडे मागे जावे लागेल. या मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते की फार पूर्वी एक परदेशी विद्वान कोकणात आला. हे शनिवार तेली आपलेच भाऊबंद आहेत की काय, अशी त्याला शंका आली. त्याने बायकांपुढे मिसळलेले मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले. कारण शास्त्राप्रमाणे खवल्याशिवायचा मासा चालत नाही. विद्वानाची खात्री पटली. त्या दिवसापासून या मंडळींना माशांइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा वाटत नाही.

शुक्रवारी सकाळी कोळणीकडून टोपली आणली. जिताडा आणि बोय, हे खवल्यांचे. शिंगाळा आणि मुशी, हे बिनखवल्यांचे. टोपली धक्क्यावर पालथी केली. हसाजी हात मागे बांधून परीक्षकासारखा उभा राहिला.

“बायांनो, यातले रांधायचे मासे निवडा.”

अप्पलम्मा पुढे सरसावली. तिने निवडले काहीच नाही. कोयता घेतला आणि भराभरा सगळेच चिरायला लागली. जिताडा गेला, मुशी गेली, आणि वर तिने खुणेने विचारले की चिंच कुठे आहे.

“ही नव्हे,” हसाजी म्हणाला.

म्हातारीला बोलावले. ती आली. तिने डोळे मिटून हात घातला आणि जो लागला तो मासा उचलला. तो शिंगाळा होता. तिने तो पाहिला, मान हलवली, पेटीवर जाऊन बसली.

“ही तर नव्हेच.”

मग सकीना आली. पदर खोचून बसली. बोय इकडे, शिंगाळा तिकडे. जिताडा इकडे, मुशी तिकडे. मुशीला तर तिने बोटाच्या टोकाने ढकलले. एका माशाचे खवले खरवडून पाहिले, मग तोही इकडे घेतला. उरलेल्यांना हात लागला म्हणून उठून हात धुतले.

हसाजीच्या डोळ्यांत पाणी आले. तो फार कोरडा माणूस होता, त्यामुळे त्याचे त्यालाच नवल वाटले. त्याने सकीनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि हिब्रूत लांबलचक आशीर्वाद दिला. तिने डोके लववले. आशीर्वाद कोणत्याही भाषेतला असो, त्या दिवसांत ती नाकारण्याच्या स्थितीत नव्हती.

नाव विचारायचे कोणाच्या ध्यानातही आले नाही; तिला, नवऱ्याला आणि मुलांना वाजतगाजत धर्मशाळेत नेले. एलोजीने किल्ली फिरवली. सकीनाने आत पाऊल टाकले, कौलांकडे पाहिले, आणि मग विचारले, “पश्चिम कोणत्या बाजूला?” सूर्य डोक्यावर होता, आणि जागा नवी होती.

हसाजीने एलोजीच्या बरगडीत कोपर मारले. “ऐकलेत मुकादम? पश्चिम विचारते. यरुशलेमेकडे तोंड करणार. आपल्या घरातल्या पोरींना अजून दिशा ठाऊक नाहीत.”

सकीनाने हातपाय धुतले. पश्चिमेकडे तोंड करून फडके अंथरले. बोचक्यातून मातीची एक छोटी चकती काढून फडक्यावर ठेवली, आणि तिच्यावर कपाळ टेकून नमाज पढायला सुरुवात केली.

हसाजीने आपले कोपर मागे घेतले.

नमाज झाल्यावर एलोजीने हळूच विचारले, “बाई, तुम्ही मुसलमान?”

“शिया,” ती म्हणाली. “मोहल्ल्यातल्यांनीही विचारले होते. ते म्हणाले, आमच्याच, पण अगदी आमच्या नाही.”

“मग ते मासे?”

“आमच्यातही खवल्याशिवायचा चालत नाही.”

“मग इस्राएल म्हणून हात का वर केलात?” हसाजीने विचारले. त्याचा आवाज पहिल्याइतका खणखणीत राहिला नव्हता.

सकीनाने नवऱ्याकडे पाहिले. तो भिंतीला टेकून धापा टाकत होता. “छप्पर आहे म्हणालात,” ती म्हणाली. “तुम्ही काहीही विचारले असते तरी मी हात वर केला असता.” मग तिने न सांगताच फडके गुंडाळले, मुलांना उठवले, नवऱ्याच्या काखेत हात घातला आणि सगळ्यांना घेऊन धक्क्याकडे परत चालू लागली. एलोजीने तिला थांबवले नाही. थांबवावेसे वाटले, पण दगड डोक्यावर होता आणि बाप दगडात होता.

दुपारी एलोजीची बायको लेआबाई हिने धक्क्यावर नेण्यासाठी मोठे पातेलेभर कालवण केले. धक्क्यावर अप्पलम्माने चिरलेल्या माशांचे काय करायचे ते अप्पलम्मानेच ठरवले होते, चिंचेसकट. लेआबाई वाढत वाढत म्हातारीपाशी आली. म्हातारीने ताटली घेतली आणि अगदी हलक्या आवाजात हिंदुस्थानीत विचारले, “शब्बाथ लागायला किती अवकाश आहे?”

लेआबाईने पळी खाली ठेवली आणि नवऱ्याला बोलावून आणले.

म्हातारीचे नाव मझाल. मूळची बगदादची, रंगूनमध्ये लाकडाच्या वखारीची मालकीण. वखार आता जपान्यांच्या ताब्यात होती.

“मग आम्ही विचारले तेव्हा बोलला का नाहीत?” एलोजी जवळजवळ रडकुंडीला आला.

“मुला, माझ्या आईने एकच गोष्ट शिकवली. कोणी विचारले की यहुदी कोण, तर आधी आपण विचारायचे, कशाला?”

“पण मासे? तुम्ही तर शिंगाळा उचललात.”

“तो मासा तोंडात घालण्यापेक्षा मी उपाशी राहीन. परीक्षा मला समजली होती. ही बाई पाहिलीत?” तिने अप्पलम्माकडे बोट केले. “नागा टेकड्यांत माझे पाय सुजले. माझी सोन्यासारखी माणसे मला झाडाखाली बसवून पुढे गेली, म्हणाली पाणी घेऊन येतो. अजून आली नाहीत. हिने मला पाठुंगळी घेतले. हिचे नाव मला खाली उतरल्यावर समजले. आणि त्या सकीनेने आपल्या आजारी नवऱ्याच्या वाटचे पाणी मला दिले. आता मी परीक्षेत पास व्हायचे, आत जाऊन निजायचे, आणि यांनी इथे भिजायचे?”

“नियम आहे, मावशी,” एलोजी म्हणाला. “वाईट नियम नाही. आमची एक बाई...” आणि त्याने खोपटाची हकीकत सांगितली.

मझालने ती नीट ऐकून घेतली. “नियम चांगला आहे,” ती म्हणाली. “माझ्यासारखीसाठीच केला आहे. तुम्ही तो पाळा. मी इथे बरी आहे.”

तो शब्बाथ एलोजीला फार जड गेला. किल्ली कमरेला होती. धर्मशाळा रिकामी होती. आणि ज्या एका माणसासाठी ती बापाने राखली, मुलाने राखली, ते माणूस शब्बाथच्या दिवशी उघड्या धक्क्यावर पेटीवर बसले होते. नियम मोडला तर विश्वस्त किल्ली काढून घेणार, कदाचित धर्मशाळाच बंद करणार. मग पुढे येणाऱ्या आपल्या माणसांनी जायचे कुठे? युद्ध चालू होते. युरोपातून आपली माणसे जीव घेऊन पळत होती, मुंबईच्या बंदरात उतरत होती. ती उद्या इथे येतील. आणि नियम पाळला तर आजच आपलेच माणूस बाहेर. दक्षिणेकडे काळे ढग जमत होते आणि ते कोणाची जात विचारणारे दिसत नव्हते.

शनिवारी प्रार्थना झाल्यावर त्याने मंडळींना थांबवून घेतले आणि सगळे सांगितले.

हसाजी म्हणाला, “मी वाईट माणूस नाही, मुकादम. पण हिंदूंना हिंदू आहेत, मोहल्ल्याला मोहल्ला आहे. आपण मूठभर. आपल्याला आपण सोडून कोण आहे? तुम्ही एकदा दार सगळ्यांना उघडलेत की ते सगळ्यांचे झाले. उद्या आपले कोणी आले तर आत बसलेल्यांना तुम्ही उठवणार का?”

हसाजीचे म्हणणे खोटे नव्हते. एलोजीलाही ते पटत होते. हीच तर अडचण होती.

घरी आल्यावर तो ओटीवर बसला. लेआबाई म्हणाली, “एवढे कसले कोडे पडले आहे?”

“धर्मशाळेत इस्राएलच पाहिजे.”

“मग इस्राएल ठेवा.”

“एकच आहे, आणि ती येत नाही.”

“एकच कशी? आपण कोण आहोत मग?” लेआबाई म्हणाली. ती चिडून म्हणाली होती. तिच्या मनात दुसरे काही नव्हते, आणि बोलून ती आत निघूनही गेली.

एलोजी मात्र बसल्या जागेवरून उठून उभा राहिला. नियमात इतरांनी धर्मशाळेत राहायला मनाई होती. इस्राएलांच्या घरात राहायला नव्हती. नियम करणाऱ्याच्या ते डोक्यातच आले नसणार. आणि आपण स्वतःच्या गावच्या धर्मशाळेत जाऊन राहू नये, असेही कुठे लिहिले नव्हते.

शब्बाथ उतरेपर्यंत त्याने काही हलवले नाही. रविवारी सकाळी त्याने बैलगाडीत अंथरुणे, भांडी आणि प्रार्थनेची पुस्तके घातली, लेआबाईला आणि मुलांना घेतले, आणि स्वतःच्या घरातून निघून धर्मशाळेच्या एका खोलीत जाऊन उतरला. मग धक्क्यावर जाऊन मद्रासच्या आणि ब्रह्मदेशाच्या त्या कुटुंबाला स्वतःच्या घराची किल्ली दिली. त्याच्या घरात अजून जागा होती. अप्पलम्मालाही तिथेच नेले. घाण्याचा बैल तिला पाहून दबकला, पण पुढे दोघांचे जमले.

गाव पाहायला जमले. “मुकादमांना घरातून काढले की काय?” असे कोणी विचारलेच.

“काढले नाही,” एलोजी म्हणाला. “धर्मशाळेत इस्राएल मिळत नव्हते. मी आलो.”

हसाजी तावातावाने आला. “हा काय तमाशा? आणि उद्या युरोपातली माणसे आली म्हणजे?”

“खोल्यांत परके कोणी नाही, हजान. आपणच आहोत. परक्याला उठवावे लागते. आपल्या माणसाला फक्त थोडे सरकायला सांगायचे. ती आली की मी व्हरांड्यात झोपेन.”

“नियम?”

“तसूभर मोडलेला नाही. जाऊन दगड वाचा.”

हसाजी खरेच गेला आणि दगड वाचून आला. त्यात चूक सापडेना. शास्त्री माणसाला याहून मोठे दुःख नाही. दुपारपर्यंत आणखी घरे हलली. म्हातारे मागे राहिले नाहीत; तरुणांना तर आपल्या घरांत उतरलेल्या नव्या माणसांच्या गप्पा रोज ऐकायला मिळणार होत्या. मझालने धक्क्यावर सगळे बसून पाहिले. शेवटची बोचकी उचलली गेल्यावर ती पेटीवरून उठली आणि धर्मशाळेत आली. तिला विहिरीकडची खोली दिली.

“इस्राएल,” दारात उभी राहून ती म्हणाली, आणि हात वर केला. कोणी विचारले नव्हते.

घर सोडणाऱ्यांत हसाजी सर्वांत शेवटी हलला होता. त्याचे घर सकीनाच्या वाट्याला आले. तो म्हणाला, “काय करणार, मी तिला आशीर्वाद देऊन बसलो आहे. परत घेण्याचा मंत्र पुस्तकात नाही.” जाताना त्याने तिला बजावले, “माझ्या भांड्यांत शिंगाळा शिजता कामा नये.”

“तुम्हीच कधी शिजवला नसेल ना?” सकीनाने विचारले. “नाहीतर मला आधी घासून घ्यावी लागतील.”

हसाजी पुढे कित्येक दिवस हे वाक्य लोकांना सांगत असे, आणि दर वेळी सांगताना थोडा हसत असे.

त्यानंतर पाऊस पडायचा तसा पडला. सकीनाचा नवरा कोरड्या जागेत हळूहळू उठून बसू लागला. अप्पलम्मा घाण्यावर कामाला लागली, आणि शनिवारी घाणा का फिरत नाही हे समजेपर्यंत दर शनिवारी बैलाला ओढून आणत राहिली. मोहल्ल्याला थोडे ओशाळल्यासारखे झाले. तिकडून सकीनाकडे तांदूळ आले. ब्राह्मण आळीतूनही औषध आले, ते मात्र अंगणाबाहेर ठेवून गेले. सुरुवात म्हणून वाईट नव्हते.

पुढच्या वर्षी पोलंडकडचा एक यहुदी डॉक्टर आणि त्याची बायको खरेच आली. विश्वस्तांनीच पाठवली होती. एलोजीने खोली मोकळी केली, अंथरूण व्हरांड्यात टाकले. हसाजी भिंतीकडे सरकला. जागा झाली. डॉक्टरीणबाई पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी लेआबाईकडून भाकरी थापायला शिकली, पण ती भाकरी कोणालाही खाता आली नाही. डॉक्टर मात्र सकीनाच्या नवऱ्याची छाती तपासायला रोज हसाजीच्या घरी जाऊ लागला, आणि मग साऱ्या गावालाच तो आपला वाटू लागला. त्याची जात कोणी विचारली नाही. गावात दुसरा डॉक्टर नव्हता.

एक दिवस विश्वस्तांचा तपासनीस आला. त्याने खोल्या पाहिल्या, आत कोण राहते ते विचारले. सगळे इस्राएल निघाले. त्याने समाधानाने मान हलवली. मग मूळ दानपत्र काढून वाचले आणि चष्मा पुसला.

“मुकादम, दानपत्रात ‘प्रवासी इस्राएल’ असे आहे.”

दगडावर तेवढा शब्द नव्हता. दगड लहान होता.

“तुम्ही याच गावचे,” तपासनीस म्हणाला. “तुम्ही प्रवासी कसे? मला वर कळवावे लागेल. तुम्ही खुलासेवार अर्ज करा.”

मंडळी घाबरली. एलोजीने दोन दिवस विचार केला आणि हसाजीला समोर बसवून अर्ज लिहिला. मसुदा एलोजीचा, अक्षर हसाजीचे. खाली सगळ्यांच्या सह्या. त्यातला महत्त्वाचा मजकूर येणेप्रमाणे:

‘अर्जदारांचे पूर्वज फार पूर्वी जहाज फुटून या किनाऱ्यास लागले. त्यांजजवळ काहीही नव्हते. येथील लोकांनी त्यांस त्यांची जात न समजता राहू दिले. ते येथे मुक्कामास थांबले, त्यानंतर ते पुढे निघाल्याचे कोठेही नमूद नाही. त्यांचा प्रवास संपला असे कोणीही अद्याप जाहीर केलेले नाही. सबब अर्जदार हे आजमितीस प्रवासीच आहेत असे समजण्यात येऊन त्यांस धर्मशाळेत राहण्याची, व आपले लोक आल्यास सरकण्याची, परवानगी असावी.’

अर्ज मुंबईस पोहोचला. पोच आली. विश्वस्तांच्या पहिल्या बैठकीत कोरम भरला नाही. दुसऱ्या बैठकीत दोन विश्वस्तांचे मत पडले की अर्ज मान्य केल्यास त्यांना स्वतःलाही प्रवासी समजावे लागेल, तरी कायदेशीर सल्ला घ्यावा. सल्ला मागवला आहे. दरम्यान युद्ध संपले. सकीना, तिचा नवरा आणि मुले मुंबईला गेली, हसाजीला त्याचे घर परत मिळाले, आणि ती दर ईदला त्याच्याकडे शिरखुर्मा पाठवतात. अप्पलम्मा गेली नाही. मझालबाईंची पेटी विहिरीकडच्या खोलीतच आहे. मुकादमाने तीन स्मरणपत्रे पाठवली. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.

तात्पर्य: आपल्या माणसांसाठी जागा जरूर राखावी, पण त्यासाठी दुसऱ्याला उघड्यावर बसवायची वेळ आली, तर आधी आपण उठून थोडे सरकावे. दोघांचीही सोय होते, आणि सरकणाऱ्याचे घर जात नाही.